सुट्टीला निघालो, मंडळीत पोहोचलो

२५ डिसेंबर, गुरुवार. पुणे

नाताळचं जेवण दुपारी तीनला उरकलं आणि भांडी घासून व्हायच्या आत आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपली वही काढली. तीत नातेवाइकांचे आणि ओळखीच्या पाळकांचे फोन नंबर गावाप्रमाणे लिहिलेले आहेत. आमची सुट्टी त्या वहीतून ठरते. नवऱ्याने नाशिकला एक हॉटेल बघून ठेवलं होतं. आईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. आपली माणसं असताना पैसे मोजून परक्या गादीवर का झोपायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला आमच्या घरात अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

डब्यांत करंज्या, शेव, अनारसे भरले. केक वेगळा बांधला. तो आम्ही अजून बेकरीतच भाजून आणतो. मैदा, अंडी, लोणी, साखर आपली आणि भट्टी त्यांची. डिसेंबरात बेकरीसमोर ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बायकांतल्या निम्म्या बोलता बोलता एकमेकींच्या नात्यातल्या निघतात, त्यामुळे केक करपला तरी वेळ वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार. केडगाव

सोलापूर रस्त्याने चौफुला आणि तिथून आत वळून केडगाव. नगरला खेटूनही एक केडगाव आहे. नगरच्या आत्यांना आम्ही फोनवर "केडगावला पोहोचलो" म्हणून कळवलं, त्यांनी आपलं केडगाव धरलं आणि तवा ठेवला. त्या दिवशी आम्ही नगरला जाणारच नव्हतो.

मुक्ती मिशनला आईंना दर दोन-चार वर्षांनी यायचं असतंच. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, तिथल्या सनातन्यांचा आणि वर्तमानपत्रांचा मार खाल्ला. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात रस्त्याकडेला पडलेल्या शेकडो मुली रमाबाई घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती मिशन नावाचं त्यांचं गावच वसलं. नुसतं अन्नछत्र घातलं असतं तरी लोकांनी नाव काढलं असतं. पण या बाईंनी मुलींना शेती, विणकाम आणि छपाई शिकवली, आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन केलं आणि उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवायला घेतलं. त्याचे छपाईचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले. एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि छापील बायबल त्यानंतर बाहेर पडलं.

आईंची आजी त्या दुष्काळातलीच पोर. कुठल्या गावची, कुणाची, काही ठाऊक नाही. नावसुद्धा इथे आल्यावर ठेवलेलं. थोरल्याला शाळेतून घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितलाय. त्याच्या बाबांकडची बाजू पाच पिढ्या मागे जाते आणि आजीकडची केडगावला येऊन थांबते. "त्याच्या आधी काय लिहू?" असं त्याने विचारलं. आई म्हणाल्या, "लिही, दुष्काळ." त्याने खरंच तसं लिहिलंय.

रात्री आवाराजवळच एका निवृत्त शिक्षिकेकडे मुक्काम. वही. दुसरं काय.

२७ डिसेंबर, शनिवार. नगर

दौंडमार्गे नगर. २०२४ पासून पाट्यांवर अहिल्यानगर आहे, बोलण्यात अजून नगरच. दारात पाऊल टाकताच आत्यांचा "सलाम!" आणि पाठोपाठ कालच्या भाकऱ्यांचा हिशोब. आमच्या लोकांत अजून सलामच चालतो, निदान नगरकडे. पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलांना त्याचं हसू येतं. आत्यांनी त्यांना दोन्ही हातांनी धरून पुन्हा सलाम म्हणायला लावलं.

दुपारी मुलांसाठी रणगाड्यांचं संग्रहालय. बरं आहे, मुलं खूश. मला तिथे तासाभरात पुरे झालं.

माझं नगर वेगळं आहे, आणि ते पाहायला तिकीट नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये इथे आलं. सिंथिया फरार ही एकटी बाई आधी मुंबईत आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत होती. तिच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतलं, आणि सावित्रीबाई तिच्याकडे शिकवण्याचं शिक्षण घ्यायला आल्या. पुण्यात भिडेवाड्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं, नगरच्या या बाईंचं नाव शंभरात एखाद्याला. १८६२ मध्ये ती इथेच वारली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ मध्ये नगरलाच निघालं. आत्यांच्या घरी त्याच्या जुन्या अंकांचा गठ्ठा आहे आणि त्यातला एकही अंक घराबाहेर न्यायला परवानगी नाही.

२८ डिसेंबर, रविवार. नगर

नाताळनंतरचा रविवार म्हणजे भरलेलं चर्च आणि थकलेला गायनसंघ. लग्न होऊन परगावी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या असतात, म्हणून बाकांवर दाटी. कीबोर्डचा तयार ठेका मला सोसत नाही. सुदैवाने दुसऱ्या गीताला कुणीतरी ते यंत्र बंद केलं, पेटी आणि तबला उरला, आणि अख्खी मंडळी मोकळ्या गळ्याने गायली.

ही चाल मराठी कशी, हे मुलांना सांगायला नगरइतकी चांगली जागा नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला आणि पुढे त्यांचा संसार नगरला आला. त्यांच्या आधी चर्चमध्ये बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बसवलेली असत; शब्द ओढूनताणून सुरात कोंबलेले. टिळकांनी अभंग, ओवी, भजन आणलं, ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमच्या आत्यांना त्यांची भजनं पुस्तकाशिवाय येतात, आणि शेजारच्या बाकावरचा कुणी पुस्तकात बघून गायला लागला की त्या त्याच्याकडे अशा बघतात की तो पुस्तक मिटतो.

उपदेश लांबला. जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, त्याहून लांबल्या. मग "पाहुण्यांनी उभं राहावं." आम्ही उभे राहिलो, नाव-गाव सांगितलं, टाळ्या झाल्या. खरी चौकशी बाहेर पायऱ्यांवर. "कोणाची गं तू? माहेर कुठलं? मनमाडचे का? रेल्वेतले? मग तुझी मावशी आमच्या वहिनीची..." दहा मिनिटांत मला नगरमध्ये चार नवी नाती लागली आणि दोन ठिकाणी जेवायला बोलावणं आलं.

त्याच पायऱ्यांवर दुसराही विषय निघतोच: निवडणुका, दोन कमिट्या, मिशनच्या जागा, कोर्टाच्या तारखा. नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक झाल्या, तेव्हा माझे आजेसासरे आनंदाने रडले होते म्हणे. आज ते असते तर वकिलांची नावं ऐकून रडले असते. आत्यांनी या विषयावर हात झटकला, "चला, भात थंड होतोय," आणि मंडळी पांगली. दुपारी आवारात प्रीतिभोजन होतं. कालपासून एकमेकांना नोटिसा पाठवणारे दोघे जण एकाच पंगतीत मटण वाढत होते.

२९ डिसेंबर, सोमवार. वडाळा

छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने घोडेगाव ओलांडेपर्यंत शिंगणापूरच्या गाड्यांची रांग. पुढे वडाळा बहिरोबा. नेवासा तालुक्यातलं हे गाव आमच्याकडे नुसतं "वडाळा मिशन". आजेसासरे इथल्या शाळेत शिकले आणि मास्तर झाले. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल फेअरबँक हे मिशनरी इथे राहत, त्यांना पक्ष्यांचा नाद. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात सापडणाऱ्या एका लाफिंगथ्रशच्या शास्त्रीय नावात 'फेअरबँकी' आहे, ते यांच्यावरूनच. हे कळल्यावर थोरला, जो तोवर मोबाइलमध्ये होता, दुर्बीण काढून लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. त्याला साळुंक्या आणि एक कोतवाल दिसला.

मुक्काम जवळच्या खेड्यात, धाकट्या काकांकडे. इथलं चर्च गावाच्या कडेला, जुन्या गावकुसाबाहेर आहे, कारण मंडळी तिथेच राहत होती. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या महार-मांग वाड्यांतून आल्या. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर तर वाडेच्या वाडे. शहरातल्या आमच्या काही लोकांना हे सांगायला अवघड जातं. खेड्यात कुणी लपवत नाही, लपवून चालणारही नाही. शेजारचा चुलता बौद्ध, पलीकडचा हिंदू, हा ख्रिस्ती, आडनाव तिघांचं एकच. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती ख्रिस्ती झालेल्याला नाहीत. १९९० पासून बौद्ध चुलत्याच्या पोराला आहेत आणि याच्या पोराला नाहीत. काकांचा मुलगा आयटीआय झालाय, तो हे चहा पिता पिता सांगतो, आवाज न चढवता.

संध्याकाळी उपकारस्तुतीची उपासना. पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पाळकसाहेबांकडे अशी बरीच गावं आहेत, ते मोटारसायकलवरून येईपर्यंत गाणी चालू. वेदीपुढे दानार्पण मांडलेलं: बाजरीचं पोतं, गव्हाच्या लोंब्या, कांदे, मेथीच्या जुड्या, वांगी, एका टोपलीत अंडी, पाय बांधलेली गावरान कोंबडी आणि एक प्रचंड डांगर.

प्रार्थना झाली की लिलाव. हा कार्यक्रम मुद्दाम नाताळच्या आठवड्यात ठेवतात, कारण चाकण, पिंपरी, रांजणगावला कंपन्यांत असलेली पोरं तेव्हाच घरी असतात आणि त्यांच्या खिशात पगार असतो. पैसा पाळकांच्या मानधनाला आणि छपराला जातो. खजिनदार उभे राहिले. मेथीची जुडी दहा रुपयांवरून सुरू झाली आणि दीडशेला गेली. घेणाऱ्याने ती तिथेच परत दान केली, पुन्हा लिलाव, पुन्हा शंभर. अंड्यांवर दोन मेहुणे भिडले. कोंबडी मध्येच ओरडली, तर खजिनदार म्हणाले, "तिला किंमत कमी वाटतीय," आणि बोली वाढली.

मग डांगर. काकूंनी पन्नास म्हटलं. आईंनी, ज्या पुण्यात भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी रस्त्यात उभ्या राहतात, शंभर म्हटलं. या दोघी जावा. लग्नात मिळालेल्या एका तांब्याच्या हंड्यावरून त्यांच्यात चाळीस वर्षं काहीतरी आहे, ते त्या कधीच बोलून दाखवत नाहीत. काकू दोनशे. आई अडीचशे. सतरंजीवर शांतता पसरली. पुरुषांच्या बाजूने नवरा मला खुणा करत होता आणि मी छपराकडे बघत होते. चारशे. पाचशे. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "साडेपाचशे एक वार... दोन वार..." काकूंनी सहाशे केले आणि आईंनी पदर सावरत सातशे. तीन वार. टाळ्या.

आता ते डांगर गाडीत कुठे ठेवायचं? आई उठल्या, दोन्ही हातांनी डांगर उचललं आणि काकूंच्या पुढ्यात ठेवलं. "तुझ्याच वावरातलं आहे ना? घाऱ्या कर. सकाळी खाऊन निघतो." काकू काही बोलल्या नाहीत. सकाळी घाऱ्या होत्या.

३० डिसेंबर, मंगळवार. नेवासा, हरेगाव

नेवाशाला पैस खांबापाशी थांबलो. ज्ञानेश्वरी याच खांबाला टेकून सांगितली अशी श्रद्धा, १२९० साल. आमच्या आजेसासऱ्यांना तिच्यातले अध्याय पाठ होते आणि मंडळीतल्या कुणाला त्याचं वावगं वाटत नसे. तिथल्या एका वारकरी आजोबांनी आईंना "माउली, कुठल्या?" विचारलं, आईंनी केडगावपासून सगळं सांगितलं, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत आम्ही प्रवरेच्या काठावर जाऊन आलो.

श्रीरामपूरच्या अलीकडे हरेगाव. बेलापूर कंपनीच्या बंद साखर कारखान्याचं गाव, आणि मतमाउलीचं, म्हणजे येशूच्या आईचं. सप्टेंबरात, मारियेच्या जन्मसणाच्या सुमारास, इथे यात्रा भरते तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक चालत येतात, भगवे झेंडे घेऊन पंढरपूरला जाणाऱ्यांसारखे जथेच्या जथे, आणि त्यांतले कितीतरी ख्रिस्ती नसतात. डिसेंबरात सगळं रिकामं होतं. नवस फेडायला आलेलं एक जोडपं, दोन सिस्टर, आणि गाभाऱ्याजवळ मेणाचा वास.

इथे आमच्या घरातला जुना पेच उभा राहतो. आई कट्टर प्रॉटेस्टंट. मूर्तीपुढे मेणबत्ती म्हटलं की त्यांचे ओठ मिटतात. त्यांच्या सख्ख्या बहिणीने मात्र कॅथलिक घरात लग्न केलं आणि ती गेली कित्येक वर्षं श्रीरामपूरहून चालत यात्रेला येते. मावशी आमच्यासाठी दारातच उभ्या होत्या. आत जाऊन त्यांनी मेणबत्त्या लावल्या. आई मागच्या बाकावर बसून डोळे मिटून स्वतःची प्रार्थना करत होत्या. बाहेर आल्यावर दोघींचं लहानपणापासूनचं भांडण पाच मिनिटं झालं, तेच मुद्दे, तीच वचनं, आणि मग मावशींच्या घरी जाऊन दोघी एकाच ताटात जेवल्या. मासवड्या होत्या. यात्रेपेक्षा मासवड्यांवर माझी श्रद्धा जास्त आहे, हे मी त्या दोघींसमोर बोलले नाही.

३१ डिसेंबर, बुधवार. नाशिक

वर्षाच्या शेवटच्या दिवसांत शिर्डीचा रस्ता टाळावा. आम्ही बाभळेश्वर, लोणी, संगमनेर असे गेलो. संगमनेरच्या बाजूला हर्मन बाखर या स्विस जेझुइट फादरांचं नाव शेतकऱ्यांच्या तोंडी आहे ते पाणलोटाच्या कामामुळे. डोंगरावर चर खणून पाणी मुरवणारे फादर. मावशींच्या मते हेच खरं मिशन. आईंच्या मते शाळा. गाडीत सिन्नरपर्यंत हा वाद.

नाशिककरांना शरणपूर रोड म्हणजे दुकानं आणि दवाखाने. शरणपूर हे मुळात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव. इंग्रज आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीच इथे येऊन लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७३ मध्ये प्रवासी-मिशनरी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा हा तिथे होता. त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, प्रेताबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला. नाशिकला शिकलेला पोरगा! पुढच्या वर्षी विल्यम प्राइस यांनी इथल्या आफ्रिकन लोकांतले काही पूर्व आफ्रिकेत मोंबासाला नेऊन सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाऊन वसवलं. धाकटीने विचारलं की ती मुलं मराठी बोलायची का. बोलत असणार, असं मला वाटतं. बाजारात भाजी आणायला कुणाला तरी पाठवतच असतील.

मुक्काम नवऱ्याच्या मामेबहिणीकडे. रात्री साडेदहाला वॉच नाइटची उपासना. चर्चमध्ये लोकरी टोप्या, शाली, झोपलेली बाळं. सरत्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचली, बाप्तिस्मे आणि लग्नं वाचली. बाराला पाच कमी असताना सगळे गुडघ्यांवर आले. बाहेर फटाके सुरू झाले, घंटा वाजली, आणि मग हस्तांदोलनं, "नवीन वर्षाचा सलाम", आणि थर्मासमधली कॉफी, जिच्यात साखर प्रमाणाबाहेर असते पण जिच्याबद्दल तक्रार करायची पद्धत नाही.

१ जानेवारी, गुरुवार. नाशिक ते पुणे

सकाळी प्रभुभोजनाची उपासना, पुन्हा उपमा, पुन्हा निरोप. दारात प्रत्येकाने टोपलीतून वर्षाच्या वचनाची चिठ्ठी उचलायची असते. नवऱ्याला "भिऊ नको" आलं, त्याने ते गाडीच्या डॅशबोर्डवर लावलं आणि नाशिक-पुणे रस्त्यावर ते उपयोगी पडलं. थोरल्याला दानियेल मिळाला, तो सिंहांमुळे खूश. धाकटीच्या चिठ्ठीत आज्ञाधारकपणाचं वचन होतं. तिला ते मुळीच पटलं नाही. आजीशी अदलाबदल करायची म्हणून ती सिन्नरपासून हटून बसली. आई म्हणाल्या, वचन बदलता येत नाही, देवाने विचार करून दिलेलं असतं. घाटात रडारड झाली, संगमनेरला थांबून लिमलेटच्या गोळ्या घेतल्या, तरी नाही.

आळेफाट्याला चहा पिऊन गाडीत परत आलो तर धाकटी गाढ झोपलेली, तिच्या मुठीत आजीची चिठ्ठी, आणि आई खिडकीतून बाहेर बघत आज्ञाधारकपणाचं वचन आपल्या बायबलमध्ये घालत होत्या.